सातवं गाणं राहू दे

३० एप्रिल २००५ ला शनिवार होता, आणि चैत्रालीला टेबल हवं होतं.

नेदरलंड्समध्ये येऊन तिला सहा महिने झाले होते. पुण्याहून आणलेली मोठी सूटकेस आडवी करायची, तिच्यावर ताट ठेवायचं आणि जमिनीवर मांडी घालून जेवायचं, असे सहा महिने. राणीच्या नावानं साजऱ्या होणाऱ्या त्या सुटीच्या दिवशी इथे कुणीही रस्त्यावर चादर पसरून घरातलं जुनं सामान विकू शकतं. परवाना लागत नाही, दुकान लागत नाही. रॉटरडॅममधल्या क्रालिंगनच्या एका गल्लीत एका डच आजीबाईंपुढे तिला घडीचं लाकडी टेबल दिसलं. टेबलावर दोन फुलदाण्या, एक बंद पडलेलं घड्याळ आणि एक ग्रामोफोन रेकॉर्ड.

"घ्यायचं तर सगळं घ्या," आजी इंग्रजीत म्हणाल्या. "संध्याकाळी मी हात हलवत घरी जाणार आहे."

चैत्रालीनं पैसे दिले, फुलदाण्या उचलल्या, आणि रेकॉर्डला हात घातला तर तिच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक हात होता. लांब बोटांचा, मनगटावर शाईचा डाग असलेला.

"एक्स्क्यूज मी… फक्त ही रेकॉर्ड मिळाली तर—"

"आता हा कोण आणखी?" ती मराठीत स्वतःशीच पुटपुटली.

"अद्वय," तो म्हणाला. "ठाण्याचा. आणि तुम्ही सहकारनगरच्या नसलात तर कोथरूडच्या."

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. "सहकारनगर. सोडा ती."

"टेबल तुमचं. मला फक्त ही द्या."

"टेबलावर जे आहे ते टेबलाबरोबर. आजी आत्ताच म्हणाल्या, तुमच्यासमोर."

"जर्मन येतं तुम्हाला?"

"नाही."

"रेकॉर्ड प्लेयर आहे?"

"नाही."

"मग ठेवून करणार काय?"

"तुम्हाला देणार नाही. एवढं तर करू शकते ना?"

तो तिच्याकडे बघत राहिला… आणि मग मोठ्यानं हसला. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. इथला पाऊस सांगून येत नाही आणि जोरातही येत नाही. तो नुसता अंगावर बसतो. अद्वयनं काही न विचारता टेबल उचललं, दोघांच्या डोक्यावर धरलं आणि मेट्रो स्टेशनपर्यंत तसंच नेलं. रेकॉर्ड तिनं कोटाच्या आत छातीशी धरली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

फलाटावर तिनं ती नीट पाहिली. जाड खाकी पुठ्ठ्याचं पाकीट, त्यावर काळ्या शाईत एकच शब्द. लेअरश्टांट.

"रिकामी पडून असलेली जागा," अद्वय म्हणाला.

"माहितीय. डचमध्ये जवळजवळ असाच शब्द आहे. दर महिन्याला मी त्याच नावाचा रिपोर्ट काढते."

"कसला?"

"आमची कंपनी ऑफिसच्या इमारती सांभाळते, इथून जवळच, कापेल गावात. कुठल्या दारावर कुणाचं कार्ड कधी लागलं, ते सगळं आमच्या सिस्टिममध्ये येतं. महिनोन् महिने जिथे एकही कार्ड लागलं नाही, त्या इमारतींची यादी मी करते."

तो गप्प झाला. नंतर त्या शांततेबद्दल तिनं पुष्कळ विचार केला. पण त्या दिवशी तिला एवढंच दिसलं, की त्याच्या पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब आहेत आणि ते पुसायचं त्याला सुचलेलं नाही.

*

अद्वय विद्यापीठात पीएचडी करत होता, आणि ती या एका रेकॉर्डवरच होती.

१९७१ च्या हिवाळ्यात पश्चिम बर्लिनमध्ये चार तरुण बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात घुसले. 'नॉर्डफ्ल्यूगल' हे त्यांच्या बँडचं नाव. म्हणजे उत्तरेकडची बाजू, ते राहायचे त्या बाजूवरून. घरं नसलेली माणसं रस्त्यावर आणि माणसं नसलेल्या इमारती कुलपात, हे आम्ही मान्य करत नाही, असं सांगणारी सात गाणी त्यांनी तिथेच ध्वनिमुद्रित केली. कुठली कंपनी ती काढायला तयार नव्हती. त्यांनी स्वतःच छापून घेतली. साबणाची खोकी कापून पाकिटं केली, आणि मागच्या बाजूला चौघांची पूर्ण नावं आणि कारखान्याचा पत्ता छापला.

"पत्ता कशाला?" चैत्रालीनं विचारलं होतं.

"पोलिसांना शोधायला त्रास नको म्हणून," अद्वय म्हणाला. "पोलीस आलेही. दोघं आत गेले. रेडिओनं बंदी घातली. चार वर्षांत बँड फुटला. आणि तरी चौतीस वर्षांनी रॉटरडॅममधली एकवीस वर्षांची मुलगी तीच गाणी तोंडपाठ म्हणते. कशी? एवढाच माझा प्रश्न आहे."

"चार वर्षं पुरेल एवढा?"

"अनुदान चार वर्षांचं आहे. प्रश्न मोठा करावाच लागतो."

मूळ छपाईची प्रत त्याच्याकडे नव्हती. तिच्याकडे प्लेयर नव्हता. तोडगा तिनंच काढला. दर रविवारी रेकॉर्ड घेऊन ती त्याच्या क्रालिंगनच्या खोलीवर यायची, एकच गाणं लावायचं, त्यानं अर्थ सांगायचा, आणि जाताना रेकॉर्ड परत कोटाच्या आत.

"एकाच गाण्यासाठी एवढ्या लांब येणार?" त्यानं विचारलं. 'तुम्ही' केव्हाच गळून पडलं होतं.

"सगळी एकदम ऐकली तर संपतील ना."

पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला दाराच्या बिजागऱ्या उचकटल्याचा आवाज होता. खराच. तो ओसरता ओसरता ड्रम सुरू व्हायचा.

"हे गाणं आहे की सुतारकाम?"

"दोन्ही."

दुसऱ्या गाण्यात मागे कुणाचं तरी मूल खोकत होतं. ती खोकल्याचीच वाट बघायला लागली. तिसऱ्याचा अर्थ सांगताना अद्वय खिडकीपाशी जाऊन उभा राहिला: ज्याला निवारा सापडलाय, त्यानं दार कुठे आहे ते बाकीच्यांना सांगावं. हे तो जरा जास्तच गंभीरपणे म्हणाला, म्हणून तिनं त्याला उशी फेकून मारली.

जूनमध्ये पाचवं गाणं आलं. सगळ्या रेकॉर्डमधलं ते एकच हळू होतं. एका बाईचा आवाज, एक गिटार, आणि दोन माणसांत एकच पांघरूण. गाणं संपलं. त्याचं बोट तिच्या हातावर ताल धरून होतं… संपलेल्या गाण्याचा. तिनं हात काढून घेतला नाही. पुढचं सांगायला नको. सुई शेवटच्या रेघेत बराच वेळ नुसती फिरत होती.

त्या उन्हाळ्यात तो तिला एकदा त्याच्या 'फील्डवर्क'ला घेऊन गेला. वापरात नसलेली जुनी शाळा, आत पंधराएक तरुण मुलं-मुली, मोठ्या पातेल्यात भोपळ्याचं सूप. वर्षभर वापरात नसलेल्या जागेत जाऊन राहणं त्या काळी इथे गुन्हा नव्हता. फक्त तिथे कुणीतरी राहतंय असं दिसायला हवं.

"म्हणून आत शिरताना तीन वस्तू नेतात," अद्वय सांगत होता. "पलंग, टेबल, खुर्ची. त्या मांडल्या की पोलिसांना आपणच बोलावायचं. जागा वर्षभर रिकामी होती असं पत्र हातात द्यायचं. पोलीस बघतात, लिहून घेतात, जातात. आणि मग सगळे मिळून सातवं गाणं म्हणतात. दर वेळी! हे कुणी ठरवलेलं नाही, चैत्राली. हे आपोआप बर्लिनहून इथे आलंय."

त्याचे डोळे चमकत होते. सूप ढवळणाऱ्या मुलीच्या जॅकेटवर गाण्याची ओळ शिवलेली होती. चैत्रालीला त्या ओळीपेक्षा त्याच्याकडे बघताना जास्त छान वाटत होतं.

पाचव्यावरच बरेच रविवार गेले, आणि ऑगस्टअखेर सहावंही ऐकून झालं. रविवार आला. त्यानं रेकॉर्ड उलटी केली, सुई उचलली आणि थांबला.

"सातवं ऐकलं की तुझं येणं संपणार?"

"करार तसाच आहे."

"मग राहू दे सातवं."

"राहू दे," ती म्हणाली. "मी काही पळून जात नाही."

त्यानंतरही ती दर रविवारी आली. जुनी गाणी पुन्हा ऐकली, त्यानं केलेली खिचडी खाल्ली, त्याच्या शर्टाचं बटण लावून दिलं. सातवं तसंच राहिलं. तिला तो एका प्रकारचा शब्द वाटत होता, दिलेला. प्रेम हा शब्द मात्र दोघांपैकी कुणीच अजून उच्चारला नव्हता. तिनं ठरवलं होतं, त्यानं आधी म्हणायचं. एवढा हट्ट तर चालतोच.

*

१८ सप्टेंबरचा रविवार. काचेवर पाऊस. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि त्यानं विचारलं, "तुझ्या ऑफिसातलं काहीतरी सांग ना. मीच बोलत असतो सारखा."

तिनं सांगितलं. ऑफिसच्याच रस्त्याच्या टोकाला एक पाच मजली इमारत आहे. रोज सकाळी आठला दिवे आपोआप लागतात, सहाला विझतात, आत कुणी नाही. मागच्या वर्षी १७ मार्चला शेवटचं कार्ड लागलं, त्यानंतर एकही नाही. कार्ड कुणाचं ते दिसत नाही, नुसता आकडा. पण तिनं मनातल्या मनात एक बाई ठरवून टाकली होती. पन्नाशीची. कंपनी बंद झाली, सगळे गेले, ही शेवटची. हातात टेबलावरची कुंडी. बाहेर पडताना तिनं दिवा बंद केला असेल, तिला काय माहीत तो उद्या आपोआप लागणार आहे…

"किती वाजता गेली ती?" अद्वयनं विचारलं.

"पाच बेचाळीसला."

"नक्की?"

"नक्की. संध्याकाळी पाच बेचाळीस. मी तो आकडा दर महिन्याला बघते रे, पाठ झालाय."

त्यानं तिचे केस कानामागे सारले. तिच्या कुंडीवाल्या बाईबद्दल आजवर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी वेळ किती होती, हे कुणी दोनदा विचारलं नसतं. इतकं बारकाईनं आपलं ऐकणारा माणूस आपल्याला मिळाला, असं तिला त्या क्षणी वाटलं. त्या रात्री घरी जाताना मेट्रोत ती खिडकीत बघून उगाचच हसत होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं टेबल मागितलं.

"दोन दिवसांसाठी. एका मैत्रिणीला नवी जागा मिळालीय, काहीच सामान नाही तिच्याकडे."

"ने ना. मधे कुकरचा डाग पडलाय, त्यावर काहीतरी टाका म्हणावं."

*

सोमवारी, १० ऑक्टोबरला, ती ऑफिसात पोचली तेव्हा शिरीषच्या टेबलाशी योस्ट उभा होता.

शिरीष तिचा टीम लीड, नाशिकचा. त्यानंच पुण्यात तिची मुलाखत घेतली होती. विमानतळावर घ्यायला तोच आला होता, आणि पहिला महिनाभर त्याची बायको मेधावहिनी तिला रोज डबा द्यायची. दोन मुलं इथल्या शाळेत. डिसेंबरमध्ये त्याला इथे पाच वर्षं पूर्ण होणार होती. मग कायम राहण्यासाठी अर्ज करता आला असता. योस्ट कंपनीचा मॅनेजर. आवाज न चढवणारा, म्हणूनच सगळे घाबरायचे.

"कोपऱ्यावरच्या इमारतीत काल दुपारी अकरा माणसं राहायला गेली," योस्ट म्हणाला. "ते होतं कधीकधी. मी वीस वर्षांत अशी बरीच पत्रं वाचलीयत. 'बराच काळ बंद', 'शेजारी सांगतात' असं लिहिलेलं असतं. या पत्रात मिनिट लिहिलंय."

त्यानं कागद ठेवला. जागेचा शेवटचा वापर: १७ मार्च २००४, १७:४२.

कागदाशेजारी फोटो होता. मोकळ्या हॉलमध्ये एक पलंग, एक खुर्ची. आणि घडीचं लाकडी टेबल, मधोमध कुकरच्या बुडाएवढं तपकिरी वर्तुळ. त्यावर कुणी काही टाकलं नव्हतं.



"ही नोंद काढता येते तुम्हा दोघांनाच," योस्ट शांतपणे म्हणत होता. "आणि रिपोर्ट जातो शिरीषच्या नावानं. चौकशी होईपर्यंत शिरीषनं घरी थांबावं, असं ठरलंय."

जाताना शिरीषनं मुलांचा फोटो ड्रॉवरमधून काढून बॅगेत ठेवला, आणि चैत्रालीला म्हणाला, "कसलातरी घोळ झालाय. निस्तरेल. तू टेन्शन घेऊ नकोस."

दोन दिवस ती अद्वयला फोन लावत राहिली. उचलला नाही. बुधवारी दुपारी मेधावहिनीचा फोन आला.

"चैत्राली, तुला काही माहितीय का गं? हा जेवत नाहीये धड. म्हणतो, मीच कुठे स्क्रीन उघडी ठेवली असेन. मुलांना काय सांगू मी, बाबा घरी का आहे?" आणि मग, हळू आवाजात, "तू जेवतेस ना वेळेवर?"

चैत्रालीनं फोन ठेवला आणि अद्वयला मेसेज केला: मेट्रो स्टेशन, कापेल. साडेतीन. नाही आलास तर मी तुझ्या डिपार्टमेंटला येते.

तो आला.

*

भुरभुर चालूच होती. स्टेशनच्या छपराखाली तो उभा होता. दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे. आणि तिला बघून त्याच्या चेहऱ्यावर अजूनही तेच हसू आलं, जूनमधलं. त्याचाच तिला सर्वांत जास्त राग आला.

"फोन का नाही उचललास?"

"काय बोलावं कळत नव्हतं. पण ऐक… तुझं नाव कुठेच नाहीये, चैत्राली. मी शपथेवर सांगतो. कुणालाच माहीत नाही."

"मिनिट का लिहिलंस?"

तो गोंधळला. "म्हणजे?"

"'वर्षभर बंद आहे' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. शेजारच्यांना विचारून लिहिता आलं असतं. पाच बेचाळीस का लिहिलंस?"

"ते पत्र… त्यांनी मला मसुदा करायला सांगितला. मी पहिल्यांदा नुसता बघत नव्हतो, काहीतरी करत होतो. चांगलं करायचं होतं. पक्की माहिती असताना ढोबळ कशी लिहायची? आम्हाला शिकवतातच तसं…" त्याचं त्यालाच ऐकू गेलं आणि तो थांबला.

"परीक्षकांसाठी लिहिलंस तू ते."

"त्या लोकांत एक बाई आहे, चैत्राली. सहा वर्षांची मुलगी आहे तिला. दोन महिने ती ओळखीच्यांच्या सोफ्यावर झोपत होती. आता तिला खोली आहे. दिवे तर आधीपासून लागतच होते तिथे! तूच म्हणालीस."

"ती तिथे राहिली याचं मला वाईट वाटत नाहीये. मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

एक गाडी आली, माणसं उतरली, छत्र्या उघडल्या, पांगली.

"सातवं गाणं म्हटलं असेल ना रविवारी?" तिनं विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "सगळ्यांनी म्हटलं. मी एकदम निघून कसा…"

"कसं आहे?"

"चैत्राली—"

"असू दे." तिनं गळ्यातलं ओळखपत्र चाचपलं. "शिरीषला घरी बसवलंय. त्याला वाटतंय चूक त्याची आहे. त्याचा डिसेंबर जाईल. तुला कळतंय ना काय ते? दोन मुलं आहेत. त्यानं काहीच केलेलं नाही."

"त्यांना सिद्ध नाही करता येणार. काही दिवस थांबलं की चौकशी आपोआप—"

"माझ्या ऑफिसात चल. आत्ता. मी सांगते मी बोलले, तू सांग तू लिहिलंस. दहा मिनिटांचं काम आहे."

"आत्ता?"

"चार वाजायला आलेत. योस्ट साडेपाचपर्यंत असतो."

त्यानं केसांतून हात फिरवला. "माझं सगळं फील्डवर्क आहे यात. गाइडला कळलं की मी स्वतः पत्र लिहिलं, तर चार वर्षं पाण्यात. आणि माझाही व्हिसा आहे… मला आधी जरा बोलून घेऊ दे कुणाशी तरी."

"त्या चौघांनी पाकिटावर पत्ता छापला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला रेकॉर्डमधलं तेच आवडलं असेल."

त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं मान हलवली. "चल. येतो."

स्टेशनपासून ऑफिस सात मिनिटांवर. ते बाजूबाजूनं चालले, मधे एका माणसाचं अंतर ठेवून. अर्ध्या वाटेत त्यानं तिचा हात धरला. बोटं थंडगार होती. तिनं धरू दिला, आणि तेवढ्या चार मिनिटांत तिनं त्याला जवळजवळ माफ केलं. खरंच. हा आत आला, तर नोकरी गेली तरी चालेल, असं काहीतरी तिच्या मनात आलं होतं. कुठेही राहू. एक टेबल, एक खुर्ची.

काचेचं दार उघडलं. स्वागतकक्षातल्या बाईनं हसून पाहुण्यांची वही पुढे सरकवली. नाव, कुठून आलात, कुणाला भेटायचं, वेळ. अद्वयनं पेन उचललं. वहीवर टेकवलं. एक निळा ठिपका उमटला. तो मोठा होत गेला…

"चैत्राली," तो मराठीत हळूच म्हणाला, "आधी तू बोलून घे. मी बाहेर थांबतो. त्यांनी विचारलंच, तर बोलाव मला. मी इथेच आहे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पेन जपून, टोपण लावून, वहीशेजारी ठेवलं होतं.

"बरं," ती म्हणाली, आणि आपलं कार्ड दाराला लावलं.

*

योस्टनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कुठे बोललात तुम्ही हे?"

"घरी. सहज. एका माणसाशी."

"एखाद्या संघटनेशी संबंध?"

"नाही."

"पैसे?"

"नाही."

"मग का सांगितलंत?"

चैत्रालीनं खिडकीबाहेर पाहिलं. काच ओली होती, पलीकडचं नीट दिसत नव्हतं.

"माझं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून," ती म्हणाली.

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होती. इंग्रजीत, चौकशीच्या कागदासमोर, पन्नाशीच्या एका डच मॅनेजरला. आणि त्यानं ते लिहून घेतलं.

"त्यांचं नाव?"

"ते मी देणार नाही. द्यायचं तर त्यानं द्यावं."

योस्टनं पेन खाली ठेवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तुम्हाला कल्पना आहे ना? तुमचा परवाना या नोकरीवर आहे."

"आहे. शिरीषला फोन करा आधी. मी इथे बसलेय तोवर करा, प्लीज."

त्यानं केला. पलीकडून शिरीष काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. मागे कुठेतरी मूल ओरडत होतं, "पापा, कोम नाउ!" बाबा, ये ना आता, एवढं कळलं. मग योस्टनं हात पुढे केला आणि तिनं गळ्यातलं कार्ड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. तिच्या परवान्याची मुदत, उरलेली रजा, शेवटचा दिवस. तो एकेक सांगत गेला, ती मान हलवत गेली. महिनाअखेर. एकोणीस दिवस.

खाली आली तेव्हा पाच वाजून गेले होते. दार आतून उघडायला स्वागतकक्षातल्या बाईला उठावं लागलं.

अद्वय खरंच तिथेच होता. छपराखाली जागा असूनही पावसात उभा होता. शर्ट खांद्यांना चिकटलेला, पापण्यांवर तेच बारीक थेंब. तो धावत पुढे आला.

"काय झालं?"

"शिरीष उद्यापासून येईल."

"आणि तू?"

"मी महिनाअखेर जाईन."

"चैत्राली…" त्याचा आवाज खरोखरच फाटला. त्यानं तिचे दोन्ही हात धरले. काहीतरी त्याच्या ओठांवर येऊन थांबलं होतं. ती वाट बघत राहिली.

"माझं नाव…?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्याचे खांदे खाली आले. नुसते एक इंचभर. श्वास सुटला, डोळे क्षणभर मिटले. त्याला स्वतःला ते कळलंही नसेल. पण ती पाच महिने या माणसाकडे बघत आली होती. त्याच्या पापण्या, त्याची बोटं, बोलताना वाकडी होणारी त्याची मान. तिच्या नजरेतून ते सुटणं शक्यच नव्हतं.

मग तो म्हणाला, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

खोटं बोलत नव्हता. ते तिला आवाजावरूनच समजलं. जूनपासून ती याच वाक्याची वाट बघत होती, आणि आता ते आलं तेव्हा ते तिला, लिफ्टचं दार धरून ठेवणाऱ्याचे आपण आभार मानतो ना, तसं ऐकू आलं.

तिनं हात सोडवून घेतले. हळूच.

"भिजतोयस," ती म्हणाली. "पाऊस वाढायच्या आत घरी जा."